चार अब्जांपलीकडचे तीन शेजारी

गोदामातल्या शिलकीचा अहवाल होता. एका जातीच्या स्क्रूपुढे आकडा छापून आला होता ४,२९,४९,६७,२९५. ज्यांचा माल होता त्यांचा फोन आला, "ताई, एवढे स्क्रू ठेवायचे म्हटले तर गोदाम सोडा, गाव पुरायचं नाही." ते हसत होते म्हणून मीही हसले. चूक माझीच होती. शिल्लक शून्य असताना कुणीतरी एक स्क्रू बाहेर गेल्याची नोंद केली, आणि मी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या ३२ बिटांच्या (म्हणजे ०-१च्या बत्तीस घरांच्या) त्या खणात उणे चिन्हाला जागाच ठेवलेली नव्हती. शून्यातून एक वजा करायला सांगितलं की असा खण गोल फिरतो आणि त्याच्यात मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या संख्येवर जाऊन बसतो. गाडीचा जुना मीटर शून्यावरून मागे फिरवला की सगळे नऊच नऊ दिसतात, तसं.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. आकडा मात्र डोक्यातून जाईना. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे पंच्याण्णव. एका दमात म्हणून पाहा, मध्ये कुठेतरी श्वास घ्यावाच लागतो. संगणकाशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांना हा आकडा चेहऱ्याने ओळखीचा असतो. २चा ३२वा घात, वजा एक. तो दिसला की समजायचं, कुठेतरी उणे एक आहे. एक हजारांश सेकंदाला एक असं मोजत जाणारा ३२ बिटांचा मोजक ४९ दिवस १७ तास २ मिनिटं ४७ सेकंदांनी याच टोकाला पोचतो आणि मुकाट्याने शून्यावर येतो. तेवढे दिवस बंदच न केलेली यंत्रं नेमकी तेव्हा चक्रावतात. माझ्या लेखी इतकी वर्षं हा आकडा म्हणजे तेवढंच, एक लक्षण. त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं, याचे अवयव तरी पाडून बघू.

पाडायला काही लागतच नाही. शाळेत पाठ केलेलं एक सूत्र पुरतं. दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्यांच्या पायांची बेरीज गुणिले वजाबाकी. २चा ३२वा घात हा वर्ग आहे आणि १ हाही वर्ग आहे, म्हणून आपली संख्या म्हणजे (२चा १६वा घात + १) गुणिले (२चा १६वा घात − १). दुसऱ्या कंसात पुन्हा वर्गांची वजाबाकी. तो उघडायचा, त्याच्यातून पुन्हा तसाच एक निघतो. कांदा सोलावा तसं होत होत शेवटी हाताशी येतं:

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७

पाचही मूळ संख्या. माझ्या त्या गचाळ स्क्रूच्या आकड्याच्या पोटात हे होतं!

या पाच जणांची ओळख द्यायला हवी. २चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा घात घ्या आणि प्रत्येकात एक मिळवा: ३, ५, १७, २५७, ६५,५३७. घातांक दर वेळी दुप्पट. अशा संख्यांना फर्मा संख्या म्हणतात. घातांक दुप्पटच का, याला कारण आहे. घातांकाला एकाहून मोठा विषम अवयव असेल तर उत्तर मूळ असूच शकत नाही. २चा १२वा घात + १ म्हणजे ४,०९७, आणि त्याला १७ने भाग जातो, कारण १२मध्ये ३ लपलेला आहे. म्हणून उमेदवार राहतात फक्त १, २, ४, ८, १६, ३२ अशा घातांकांचे.

जर्मन गणितज्ञ गाउसने १७९६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, केवळ कंपास आणि पट्टी वापरून १७ समान बाजूंची आकृती काढता येते हे दाखवलं. पुढे त्याने सांगितलं की बाजूंची संख्या निरनिराळ्या मूळ फर्मा संख्यांच्या गुणाकाराची असेल तर ती आकृती काढता येते. (असं नसलेल्या विषम संख्यांच्या आकृत्या निघत नाहीत, हा उलटा भाग वॉन्ट्सेल या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ साली पुरा केला.) मूळ फर्मा संख्या आजवर पाचच ठाऊक आहेत. पाचांमधून हव्या तेवढ्या उचलून गुणाकार करायचे तर ३१ तऱ्हा होतात, आणि त्यांतला सगळ्यात मोठा गुणाकार म्हणजे आमचा गोदामाचा आकडा. ४,२९,४९,६७,२९५ बाजूंची आकृती कंपासने काढता येते, निदान कागदोपत्री. पृथ्वीच्या विषुववृत्ताएवढं वर्तुळ घेतलं तर तिची एक बाजू साधारण ९ मिलिमीटरची होईल. हेर्मेस नावाच्या एका जर्मन गृहस्थाने ६५,५३७ बाजूंच्या आकृतीवर दहा वर्षं घालवली. त्याची हस्तलिखितं ग्योटिंगेनला पेटीत ठेवलेली आहेत. आमच्या आकड्याच्या वाटेला गेलेला अजून कुणी ऐकिवात नाही, आणि ते बरंच आहे.

शेजारचा आकडा, ४,२९,४९,६७,२९६, याच्याबद्दल बोलण्यासारखं फार नाही. बत्तीस दोन एकमेकांना गुणून उभे आहेत, बस. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते एकूण इतकेच होते आणि ते पुरले नाहीत. पुढे चला.

तिसरं घर ४,२९,४९,६७,२९७. इथे माझी रात्र गेली.

ही सहावी फर्मा संख्या. सतराव्या शतकात फर्माने, जो पेशाने तुलूझच्या न्यायालयात होता आणि गणित फावल्या वेळात करायचा, पाचही मूळ निघाल्या हे पाहून १६४०च्या सुमारास पत्रांतून लिहिलं की या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात. सिद्धता आपल्याकडे नाही हेही तो कबूल करत होता, पण विश्वास पक्का दिसतो. या माणसाला मी हसू शकत नाही. पाचपैकी पाच जमल्यावर मी तर ग्राहकाला 'तपासून झालंय' असा निरोप पाठवला असता. पाठवलाही होता, उणे एक यायच्या आधी.

पुढे जवळजवळ नव्वद वर्षं कुणी काही केलं नाही. १ डिसेंबर १७२९ला गोल्डबाख या गणितज्ञाने तरुण गणितज्ञ ऑयलरला पत्रात सहज विचारलं, फर्माचं ते म्हणणं तुम्हाला माहीत आहे का? ऑयलर तेव्हा बावीस वर्षांचा. १७३२ साली त्याने उत्तर मांडलं: ४,२९,४९,६७,२९७ला ६४१ने पूर्ण भाग जातो. तो ६४१ कुठून आणला हे त्या निबंधात नाही. खुलासा पुढे बऱ्याच वर्षांनी आला, आणि तो खुलासा खरा देखणा आहे.

समजा एखादी मूळ संख्या आपल्या आकड्याला नि:शेष भागते. आता १पासून सुरू करून दुप्पट करत जायचं, आणि दर वेळी तिने भागून फक्त बाकी ठेवायची. बत्तिसाव्या पावलावर बाकी उणे एक येणार, कारण एक मिळवल्यावरच तर भाग पुरा जातो. चौसष्टाव्या पावलावर उणे एकचा वर्ग, म्हणजे पुन्हा १. त्याच्या आत १ कधीच येत नाही. फेरी बरोबर चौसष्टाची. दुसरीकडून खुद्द फर्माचाच एक सिद्धांत सांगतो की मूळ संख्येहून एक कमी इतकी पावलं टाकली की बाकी १ येतेच. म्हणजे तेवढ्या पावलांत चौसष्टाच्या फेऱ्या पुऱ्या बसायला हव्यात. निष्कर्ष असा की या आकड्याचा कुठलाही मूळ विभाजक ६४च्या पटीत एक मिळवून झालेलाच असणार.

आता यादी करा. ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतल्या मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचवा भागाकार, आणि काम फत्ते. बिनडोकपणे २, ३, ५, ७ असं करत गेलो असतो तर ६४१ ही ११६वी मूळ संख्या आहे. आणि आकडा खरोखर मूळ निघाला असता तर ६५,५३६च्या आतल्या सगळ्या ६,५४२ मूळ संख्यांनी भागून पाहावं लागलं असतं. १८७८ साली फ्रेंच गणितज्ञ ल्यूकाने नियम आणखी आवळला: ६४ नव्हे, १२८च्या पटीत एक. मग यादीत मूळ उरतात २५७ आणि ६४१. त्यातही २५७ तपासायची गरज नाही, कारण आधीच्या कुठल्याही फर्मा संख्येने पुढचीला भागलं तर बाकी नेहमी २ उरते. उरला ६४१. पहिल्याच घावाला.

इथे मला एक गोष्ट सलते. फर्माकडे हे हत्यार होतं. १६४० सालीच त्याने याच जातीच्या युक्तीने २चा ३७वा घात − १ या बारा आकडी संख्येचा विभाजक २२३ शोधून काढला होता. मग इथे तो पाच भागाकार का करेना? माझा आपला अंदाज आहे की त्याने केले. केले, आणि एका ठिकाणी हातचा चुकला.

हा अंदाज मला कुठून सुचला ते सांगते. मी वही घेतली आणि संगणकाला हात न लावता भागाकार मांडला. ६४१चा पाढा शेजारी लिहिला: ६४१, १२८२, १९२३, २५६४, ३२०५, ३८४६, ४४८७. पहिले चार अंक ४२९४, सहाचा भाग, बाकी ४४८. वरचा ९ खाली घेतला, ४४८९. सातचा भाग ४४८७, बाकी २. मग ६ खाली, २६ झाले, भाग शून्य. ७ खाली, २६७. पुन्हा शून्य. २ खाली, २६७२, चारचा भाग, बाकी १०८. ९ खाली, १०८९, एकचा भाग, बाकी ४४८. ७ खाली, ४४८७. सातचा भाग. बाकी काही नाही!

उत्तर लिहिलं ६७०४१७ आणि खुशीत चहा ठेवायला उठले. आल्यावर पडताळा घेतला. ६४१ गुणिले ६,७०,४१७ म्हणजे ४२,९७,३७,२९७. दहापट लहान, आणि मधले अंकही भलतेच. भाग पूर्ण गेलेला, बाकी शून्य, आणि उत्तर साफ चूक. मग दिसलं की लागोपाठ दोन शून्यं यायला हवी होती, मी एकच लिहिलं होतं. खरं उत्तर ६७,००,४१७. चौथीतल्या मुलाला जी चूक केली म्हणून ओरडतात तीच. ऑयलर बरोबर होता म्हणून माझ्या लक्षात तरी आली. मला सांगणारं कुणी नसतं, आणि चूक या बाजूऐवजी दुसऱ्या बाजूला झाली असती, एखाद्या अंकाने बाकी उरली असती, तर मीही ६४१वर काट मारून पुढे गेले असते.

वहीत दुसऱ्यांदा मांडताना एक बारीकशी गंमत दिसली. ४४८ ही बाकी दोनदा येते. पहिल्यांदा तिच्यापुढे ९ उतरतो, ४४८९ होतात, आणि दोनाने चुकतं. त्याच दोनापासून पुढचा सगळा भागाकार चालतो. शेवटी पुन्हा तीच ४४८, या वेळी पुढे ७ उतरतो, आणि बरोबर बसतं. संगणकाला विचारलं असतं तर निमिषात उत्तर आलं असतं आणि ही ४४८ मला भेटलीच नसती.

भागाकार न करताही ६४१ पकडता येतो. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजे ६२५ + १६ सुद्धा. पहिल्यावरून, ५ गुणिले २चा सातवा घात याला ६४१ने भागलं तर बाकी उणे एक. त्याचा चौथा घात केला की बाकी अधिक एक: ६२५ गुणिले २चा २८वा घात. दुसऱ्यावरून, ६२५च्या जागी उणे १६ चालतो, आणि १६ म्हणजे २चा चौथा घात. म्हणजे उणे २चा ३२वा घात याची बाकी एक. एक मिळवा, सगळं शून्य. चार ओळी झाल्या. मी त्या वाचल्या, समजल्या, आणि दुसऱ्या दिवशी आठवायला गेले तर पहिल्याच ओळीला अडले. सुंदर सिद्धता अशा निसटतात. घाम गाळून केलेला भागाकार विसरत नाही.

या आकड्याचं बिंग फोडणारी आणखी एक वाट आहे, आणि तीही फर्माच्याच घरातून जाते. चाराने भागल्यावर एक उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत एकाच तऱ्हेने मांडता येते, हे त्याचंच म्हणणं (सिद्ध केलं ऑयलरने). आपला आकडा ६५,५३६चा वर्ग + १चा वर्ग, हे तर उघडच आहे. पण तो ६२,२६४चा वर्ग + २०,४४९चा वर्ग असाही मांडता येतो. दोन तऱ्हा निघाल्या म्हणजे मूळ असणं खलास. ही दुसरी जोडी येते कुठून? ६४१ म्हणजे २५चा वर्ग + ४चा वर्ग. ६७,००,४१७ म्हणजे २,५५६चा वर्ग + ४०९चा वर्ग. आता तिरपे गुणाकार करा: २५ × ४०९ = १०,२२५, आणि ४ × २,५५६ = १०,२२४. बेरीज केली की २०,४४९ मिळतात. वजाबाकी केली की १. तो जो साधा 'अधिक एक' आपण शेपटीला लावतो, तो आतून दोन पाच आकडी संख्यांच्या निसटत्या फरकाने झालेला आहे. हे गुणाकार मी तीनदा करून पाहिले, खोटं वाटत होतं म्हणून.

आणि तरीही हा आकडा सोंग चांगलं वठवतो. मूळपणाची जी सगळ्यात सोपी चाचणी आहे, २चा मोठा घात घेऊन बाकी १ येते का पाहायची, तिच्यात तो बिनचूक पास होतो. साहजिकच आहे. त्याची दुपटीची फेरी चौसष्टाची, आणि ६४ने २च्या ३२व्या घाताला सहज भाग जातो. २ऐवजी ३ घेतला की लगेच नापास. खास फर्मा संख्यांसाठीची अशी एक चाचणी पेपँ या फ्रेंच गणितज्ञाने १८७७मध्ये दिली.

झेरा कोलबर्न नावाचा अमेरिकन मुलगा, तोंडी हिशेबासाठी लोकांपुढे उभा केला जायचा. १८१२च्या सुमारास, आठेक वर्षांचा असताना, लंडनमध्ये त्याला हाच आकडा घालण्यात आला, आणि त्याने ६४१ आणि ६७,००,४१७ सांगितले म्हणतात. कसं केलं ते त्याला सांगता येत नव्हतं. मी या गोष्टीवर निम्मा विश्वास ठेवते आणि निम्मा हेवा करते.

पुढची फर्मा संख्या वीस आकडी. तिचा विभाजक २,७४,१७७ हा लांद्रीने १८८० साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी प्रसिद्ध केला. त्या संख्येतून दोन वजा केले की बुद्धिबळाच्या पटावरचे ते कथेतले दाणे होतात, घरागणिक दुप्पट होत गेलेले. म्हणजे २चा ६४वा घात − १, म्हणजेच माझा गोदामाचा आकडा गुणिले त्याच्या पलीकडचा शेजारी. तेव्हा त्या राजाने दाणे खरोखर आणले असते तर ते ६४१ जणांत सारखे वाटता आले असते, एकही न उरता. २०वी पायरी घेतली, म्हणजे घातांक दुप्पट करत २च्या २०व्या घातापर्यंत गेलो, तर ती संख्या मूळ नाही हे पक्कं ठाऊक आहे, पण तिचा एकही विभाजक सापडलेला नाही. घराला दोन दारं आहेत हे माहीत, दार एकही दिसत नाही. आणि ६५,५३७नंतर मूळ फर्मा संख्या एकही मिळालेली नाही. फर्मा पहिल्या पाचांत बरोबर होता, आणि पुढे जिथे जिथे तपासता आलं तिथे सगळीकडे चुकला.

एक काम राहिलं होतं. ६७,००,४१७ ही तरी मूळ आहे का? तिचं वर्गमूळ २,५८८च्या जरा पुढे. नियम तोच लागू आहे, १२८च्या पटीत एक. त्या टप्प्यात मूळ संख्या निघाल्या २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. २५७ची भानगड नाही हे वर आलंच. राहिले चार भागाकार, या वेळी शून्यं मोजून. बाक्या आल्या ४४, १२०, ३३४, ६२२. यादीत १,५३७ही होता. तो मला मूळ वाटला, म्हणून त्यानेही भागून पाहिलं, बाकी ६३४. वही मिटल्यावर ध्यानात आलं की १,५३७ म्हणजे २९ × ५३, आणि तो भागाकार करायचं काही कारणच नव्हतं.